चिपवरचे मॅग्नेटिक बीड्स दहा मिनिटं पळतात आणि मग गार पडतात: करंट वाढवायच्या आधी हे बघा

चिप नवी, बीड्स (चुंबकाने ओढले जाणारे पॉलिमरचे अगदी बारीक गोळे) ताजे, पहिली दहा मिनिटं सगळं इतकं छान चालतं की आपण व्हिडिओ काढून गाइडना पाठवून मोकळे होतो, आणि मग एक बीड डिस्कच्या कडेला थांबतो, पाठोपाठ दुसरा, आणि अर्ध्या तासात समोर दिसणारे निम्मे बीड्स गार. दुसऱ्या दिवशी नवी चिप घेतली तरी तेच. हा प्रॉब्लेम मला पहिल्या वर्षी आला, मग ज्युनिअर्सना आला, आणि दर बॅचला कोणी ना कोणी तोच प्रश्न घेऊन येतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मी गेली चार वर्षं हेच करतेय, पातळ सोन्याच्या वायरी आणि पर्मलॉयच्या (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या) डिस्क असलेल्या चिपवर २.८ आणि १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बीड्स फिरवायचे, त्यामुळे आकडे त्याच सेटअपचे आहेत, तुमचे थोडे वेगळे असतील.

बीड थांबला की सगळे पहिली गोष्ट एकच करतात, करंट वाढवतात. मीही वर्षभर तेच केलं. आणि नेमकं तिथेच बिघडतं, कारण चिपचा मॅग्नेटिक फोर्स फक्त आडवा नसतो, त्याचा मोठा भाग बीडला खाली पृष्ठभागावर दाबत असतो. बीड नुसता टेकला असेल, अजून सुटण्यासारखा असेल, तर जास्त करंटने तो आणखी दाबला जातो, वरून वायर तापते, आणि जो बीड पाच मिनिटांत सुटला असता तो कायमचा चिकटतो. म्हणून नॉबला हात लावायच्या आधी एकच काम करा.

फील्ड पूर्ण बंद करा, वायरचा करंट बंद, बाहेरून फील्ड देणाऱ्या कॉइल्स बंद, ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हखाली तो थांबलेला बीड फोकसमध्ये घ्या आणि निदान वीस सेकंद नुसतं बघत बसा. बीड थरथरतोय का? २.८ मायक्रॉनचा बीड पाण्यात मोकळा असेल तर ब्राउनियन मोशनने (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी) एका सेकंदात साधारण अर्धा मायक्रॉन इकडे तिकडे होतो, पृष्ठभागाजवळ पाण्याचा अडसर वाढतो म्हणून थोडा कमी, पण डोळ्याला दिसतो, त्याची कड सारखी हलल्यासारखी वाटते. १ मायक्रॉनचा तर चांगलाच नाचतो. चिकटलेला बीड मात्र शेजारच्या धुळीच्या कणासारखा ठप्प असतो, आणि एक मधला प्रकार पण आहे, तो ओळखायला मला वेळ लागला: बीड एका बिंदूभोवती किंचित डोलतो पण जागा सोडत नाही, म्हणजे तो एका धाग्यावर बांधल्यासारखा आहे, एखाद्या प्रोटीनने किंवा पॉलिमरच्या शेपटीने धरलेला. फील्ड चालू ठेवून ही टेस्ट करू नका, कारण ट्रॅपमध्ये, म्हणजे फील्डच्या पकडीत, धरलेला मोकळा बीडसुद्धा जवळजवळ स्थिर दिसतो आणि आपण उगाच त्याला चिकटला म्हणतो.

या वीस सेकंदांवरून पुढचा रस्ता ठरतो. थरथरत नसेल तर पृष्ठभागाचा प्रश्न, थरथरतोय पण फील्ड लावल्यावर चालत नाही तर फोर्सचा प्रश्न, आणि सगळेच बीड्स मिळून एका बाजूला वाहतायत तर पाण्याचा प्रश्न. हे तीन वेगळे आजार आहेत, औषधं उलटसुलट दिली की दिवस जातो.

आधी चिकटण्याचं बघू कारण दहातल्या सहा-सात केसेस त्याच असतात. बीडचा पृष्ठभाग आणि चिपवरचा सिलिकॉन डायऑक्साइड दोन्ही पीएच ७ ला सहसा निगेटिव्ह असतात, म्हणजे एकमेकांना ढकलतात, पण ही ढकलाढकली किती लांबून चालते ते मिठावर ठरतं. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ती साधारण १० नॅनोमीटरपर्यंत पोचते, आणि पीबीएसमध्ये (पेशींच्या कामात वापरतात त्या खारट बफरमध्ये) जेमतेम ०.८ नॅनोमीटर. म्हणजे डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात मस्त चालणारी चिप पीबीएस घातलं की चिकटायला लागते यात चिपचा काही दोष नाही, मिठाने ती उशी काढून घेतली एवढंच. आमच्याकडे एका ज्युनिअरने तीन चिप्स फेकल्या होत्या, बीड्स पहिल्या दिवशी डीआयमध्ये आणि दुसऱ्या दिवसापासून पीबीएसमध्ये घेतले होते आणि नोंदवहीत फक्त 'बफर' लिहिलं होतं. बायोलॉजी नसेल, नुसतं चालवून बघायचं असेल, तर पातळ बफर वापरा, पीबीएस दहापट पातळ केला तरी खूप फरक पडतो. पेशी किंवा अँटिबॉडी असेल तर पूर्ण मीठ लागणारच, मग पृष्ठभागावर काम करायला पर्याय नाही.

पृष्ठभागाचं काम म्हणजे काय, तर सगळ्यात सोपं ट्वीन-२० (एक सौम्य डिटर्जंट), बफरमध्ये ०.०५ ते ०.१ टक्के. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. त्याने भागलं नाही तर १ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं एक प्रोटीन) अर्धा-एक तास चिपवर ठेवून मग धुणे, आणि पीडीएमएसचं (सिलिकोन रबरचं) चॅनेल असेल तर प्लुरॉनिक एफ-१२७ हा पॉलिमर जास्त चांगला बसतो कारण तो पाणी टाळणाऱ्या पृष्ठभागाला धरतो. सगळ्यात टिकाऊ म्हणजे पेग-सायलेन (ऑक्साइडला रासायनिक बंधाने बसणारा पॉलिमरचा थर), पण ते करायचं तर ऑक्सिजन प्लाझ्माने पृष्ठभाग साफ झाल्या झाल्या करा, प्लाझ्मा करून चिप दुपारपर्यंत टेबलावर ठेवली आणि मग सायलेन घातलं तर अर्धवट थर बसतो आणि चिपवर ठिपक्या ठिपक्यांनी बीड्स चिकटतात. कुठे चिकटतात त्याचा नकाशा काढा, हे मी सगळ्यांना सांगते. कागदावर चिपचं चित्र काढून चिकटलेल्या बीडवर फुली मारायची. सगळीकडे विखुरलेल्या फुल्या म्हणजे केमिस्ट्री, ठराविक कडांवरच फुल्या म्हणजे फॅब्रिकेशन.

त्या कडांबद्दल. लिफ्ट-ऑफने (रेझिस्ट नावाच्या पॉलिमरच्या साच्यावर धातू टाकून मग साचा विरघळवून) वायर किंवा डिस्क बनवली आणि रेझिस्टची भिंत सरळ उभी होती, तर धातू त्या भिंतीवरही चढतो आणि रेझिस्ट काढल्यावर कडेला उभे कान राहतात, कधी कधी धातूच्या थरापेक्षाही उंच. वरून बघताना ते नुसत्या काळ्या किनारीसारखे दिसतात. बीड कडेवरून जाताना त्याच कानाला अडतो, आणि गंमत नाही, खरोखर तासन् तास आपण केमिस्ट्री बदलत राहतो आणि कारण एक यांत्रिक उंबरठा असतो. एएफएम किंवा साधा प्रोफायलोमीटर (दोन्ही सुईने उंची मोजतात) कडेवरून फिरवा, लगेच कळतं. उपाय पुढच्या बॅचला, दोन थरांचं रेझिस्ट वापरून खाली अंडरकट (आत गेलेली खाच) ठेवायचा म्हणजे भिंतीवर धातू चढत नाही. हातातल्या चिपवर लिफ्ट-ऑफनंतर अल्ट्रासोनिकमध्ये थोडं जास्त ठेवून बरेच कान पडतात, पण पॅसिव्हेशन (वायरी झाकणारा इन्सुलेशनचा थर) टाकून झालं असेल तर हात लावू नका.

अजून एक सवय मोडा, बीड पार्क करून चहाला जाणं. पर्मलॉयच्या टोकाशी फील्ड चालू ठेवून बीड पंधरा-वीस मिनिटं एकाच जागी दाबून ठेवला की मधला पाण्याचा थर पिळून निघतो आणि संपर्क मुरतो. आला की चालायला नाही म्हणतो. थांबायचंच असेल तर रोटेटिंग (गोल फिरणारं) फील्ड अगदी हळू, ०.१ हर्ट्झवर चालू ठेवा, बीड डिस्कभोवती रेंगाळत फिरत राहतो आणि कुठेच बसत नाही. माझ्याकडे हा एकच बदल केल्यावर चिपचं आयुष्य अर्ध्या तासावरून पूर्ण दिवसावर गेलं.

आता दुसरा आजार. बीड थरथरतोय, मोकळा आहे, पण हाकेला येत नाही. इथे आधी हिशोब करा, किती फोर्स मिळायला हवा. वायरमध्ये १०० मिलिअँप करंट आणि वायरपासून १० मायक्रॉन अंतर धरलं तर फील्ड २ मिलिटेस्ला आणि ग्रेडियंट (अंतराबरोबर फील्ड किती बदलतं ते) मीटरला २०० टेस्ला. २.८ मायक्रॉनच्या बीडवर यातून साधारण २ ते ३ पिकोन्यूटन मिळतात. तेवढ्या फोर्सने मोकळ्या पाण्यात बीड सेकंदाला शंभरेक मायक्रॉन पळायला हवा, पृष्ठभागाला लागून असेल तर अडसर तिप्पट होतो म्हणून तीसेक. तुमचा बीड सेकंदाला दोन मायक्रॉन सरकत असेल तर हिशोबात कुठेतरी दहापट चूक आहे, ती शोधायची, नॉब फिरवायचा नाही.

सगळ्यात साधी चूक म्हणजे बीड अजून खाली बसलेलाच नसतो. ५० मायक्रॉन उंच चॅनेलमध्ये २.८ मायक्रॉनचा बीड खाली यायला अर्धा मिनिट घेतो, १ मायक्रॉनचा जवळपास दोन मिनिटं, आणि वायरचा फोर्स अंतराच्या घनाने उतरतो, म्हणजे २० मायक्रॉन वर तरंगणाऱ्या बीडला खाली काय चाललंय ते कळतही नाही. फोकस वायरच्या पातळीवर न्या, बीड त्याच वेळी स्पष्ट दिसतो का बघा. नसेल दिसत तर थांबा, दुसरं काही नाही.

मग बायस फील्ड, म्हणजे बाहेरून दिलेलं एकसारखं फील्ड. नुसत्या वायरवर अवलंबून असाल तर बीडला मॅग्नेटाइझ करणारी आणि ओढणारी तीच वायर, म्हणून फोर्स करंटच्या वर्गाने वाढतो आणि उष्णताही वर्गानेच. त्यापेक्षा बाहेरून कॉइलने वायरला काटकोनात १० मिलिटेस्लाचं एकसारखं आडवं फील्ड द्या. ते एकटं बीडला ओढत नाही, पण त्याला चांगलं मॅग्नेटाइझ करतं, आणि मग त्याच १०० मिलिअँपमध्ये पाच-सहापट फोर्स मिळतो, वायर एक अंशानेही जास्त तापत नाही. शिवाय दिशा हातात येते, बायस उलटं केलं की तोच बीड वायरवरून हाकलला जातो, आणि बायस उभं दिलं तर वायरच्या एका कडेला ओढ आणि दुसऱ्या कडेपासून ढकल. २००१ मध्ये हार्वर्डला व्हाइटसाइड्स आणि प्रेंटिस यांच्या गटाने सोन्याच्या साध्या मायक्रो-वायरींनी बीड्स इकडून तिकडे नेऊन दाखवले तेव्हापासून करंटची उष्णता हा या पद्धतीचा खरा अडथळा आहे, आणि बायस हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे असं माझं ठाम मत आहे.

पर्मलॉयच्या डिस्कवाल्यांचा प्रश्न वेगळा. तिथे वायर नाही, बाहेरचं फील्ड चिपच्या पातळीत गोल फिरतं, डिस्कच्या कडेवरचा ओढणारा बिंदू त्याच्याबरोबर फिरतो आणि बीड मागे मागे जातो. २०१४ मध्ये लिम आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर बीड्स आणि पेशींसाठी डायोड, ट्रान्झिस्टरसारखे अख्खे मॅग्नेटोफोरेटिक (चुंबकाच्या ओढीने कण हलवणारे) सर्किट्स दाखवले, आणि त्यानंतर हे बरेच जण करून बघतात. इथे बीडला फील्डच्या वेगाने पळावं लागतं. १० मायक्रॉन व्यासाची डिस्क १ हर्ट्झवर म्हणजे सेकंदाला ३१ मायक्रॉन, १० हर्ट्झवर ३१४. एका ठराविक फ्रिक्वेन्सीपुढे पाण्याचा अडसर जिंकतो, बीड मागे पडतो, मग पुढच्या फेरीत सापडतो, मग परत पडतो, स्क्रीनवर तो दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा नाचताना दिसतो. फ्रिक्वेन्सी निम्मी करा, सरळ चालायला लागला तर निदान झालं. आणि हे लक्षात ठेवा की पाण्याचा चिकटपणा तापमानाने बदलतो, १८ अंशांना १.०५ मिलिपास्कल-सेकंद असतो आणि ३० अंशांना ०.८०. एसी चालू असताना सकाळी न चालणारी फ्रिक्वेन्सी दुपारी लाइट गेल्यावर चालते ती यामुळे, लोक त्याला चिपचा लहरीपणा म्हणतात.

इथे माझाच एक महिना गेलेला किस्सा सांगते कारण तो अजून दोघांच्या बाबतीत झालेला मी पाहिलाय. कॉइल्स चालवायला लॅबमध्ये एक ऑडिओ अँप्लिफायर पडला होता, दोन चॅनेल, भरपूर पॉवर, म्हटलं उत्तम. २० हर्ट्झवर बीड्स चालत नव्हते, ते ठीक, फ्रिक्वेन्सी जास्त होती. म्हणून १ हर्ट्झवर आणलं, तरी चालेनात! ०.५ वर तर अजिबातच नाही. मी पृष्ठभाग बदलला, बीड्स बदलले, चिप बदलली. शेवटी कॉइलच्या मध्ये हॉल प्रोब (फील्ड मोजणारा सेन्सर) ठेवला तेव्हा दिसलं की १ हर्ट्झला फील्डच उरत नव्हतं. ऑडिओ अँप २० हर्ट्झच्या खालचं मुद्दाम कापतो, कारण कानाला त्याचा उपयोग नाही आणि डीसी गेला तर स्पीकर जळतो. शिवाय दोन चॅनेलमध्ये हे कापणं अगदी सारखं नसतं, म्हणजे जे थोडं फील्ड मिळतं तेही गोल न राहता चपटं होतं आणि बीड फिरायच्या ऐवजी झुलतो. डीसीपर्यंत जाणारा अँप किंवा करंट सोर्स घ्या. आणि सिग्नल जनरेटरच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, कॉइलच्या सिरीजमध्ये एक लहान रेझिस्टर टाकून त्यावरचा व्होल्टेज स्कोपवर बघा, दोन्ही चॅनेल एक्स-वाय मोडमध्ये लावले की स्क्रीनवर गोल दिसायला हवा. लंबगोल दिसला तर ॲम्प्लिट्यूड आणि ९० अंशांचा फेज जुळवा, पाच मिनिटांचं काम आहे.

बीड्सच्या माळा होतात तो पण याच गटात घालते. बायस लावला की प्रत्येक बीड छोटा लोहचुंबक होतो आणि शेजारच्याला डोक्याला शेपूट लावून धरतो. ५ मिलिटेस्लाला २.८ मायक्रॉनच्या दोन बीड्समधली ही ओढ थर्मल ऊर्जेच्या हजारो पट असते, त्यामुळे बीड्स जवळ आले की माळ होणार, प्रार्थना करून ती थांबत नाही. उपाय म्हणजे ते जवळ येऊच द्यायचे नाहीत. २.८ मायक्रॉनवाल्या डायनाबीड्स एम-२८० ची बाटली मिलिलिटरला १० मिलिग्रॅमची असते, म्हणजे साठ-सत्तर कोटी बीड्स. हजारपट पातळ केलं तर ५० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये दर चौरस मिलिमीटरला तीसेक बीड्स येतात आणि एकेक बीड हाताळायला ते पुरेसे आहेत, जास्त घालायचा मोह आवरा. फील्ड बंद केल्यावर माळ सुटली तर चिंता नाही, हे बीड्स सुपरपॅरामॅग्नेटिक असतात, आत नॅनोमीटर आकाराचे आयर्न ऑक्साइडचे कण पॉलिमरमध्ये विखुरलेले, त्यामुळे फील्ड गेलं की चुंबकत्व गेलं. एकसारख्या आकाराचे गोळे बनवायची पद्धत १९७० च्या दशकात नॉर्वेत ट्राँडहेमला जॉन उगेलस्टाड यांनी बसवली आणि पुढे त्यातूनच हे मॅग्नेटिक बीड्स आले. पण फील्ड बंद करूनही गुठळी तशीच राहिली तर ते चुंबकत्व नाही, केमिस्ट्री आहे, बीड्स एकमेकांना चिकटलेत. बाटली जुनी असते, नाहीतर कोणीतरी ती फ्रीझ केलेली असते, किंवा धुताना मॅग्नेटवर फार वेळ सुकत ठेवलेली असते. ट्वीन घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये एखादं मिनिट द्या, न सुटल्यास नवी बाटली काढा.

एक शंका हमखास येते, करंट बंद केला तरी बीड सोडत नाही आणि तो चिकटलेला पण नाही, थरथरतोय. अशा वेळी पर्मलॉयमध्येच चुंबकत्व उरलेलं असतं. गोल डिस्कमध्ये हे फारसं होत नाही, पण लांब पट्ट्या, टी आणि आय आकाराचे बार, यांना आकारामुळेच एका दिशेला मॅग्नेटाइझ राहायला आवडतं. कॉइलला लोखंडी कोअर असेल तर त्यातही थोडं उरतं. बंद करताना एकदम स्विच ऑफ करू नका, आलटून पालटून फील्ड देत ॲम्प्लिट्यूड हळूहळू शून्यावर आणा. आणि सेटअपच्या आजूबाजूला काय आहे ते बघा: स्टेजचा स्टीलचा इन्सर्ट, ऑब्जेक्टिव्हच्या आतली स्प्रिंग, होल्डरचे स्क्रू. दोऱ्याला एक छोटा निओडायमियम मॅग्नेट बांधून चिप काढलेल्या होल्डरजवळ फिरवा, जिथे तो ओढला जाईल तो भाग बदला. आम्ही स्क्रू पितळेचे केले आणि चिमटा प्लास्टिकचा, कारण काही स्टेनलेस चिमटे चक्क मॅग्नेटिक असतात आणि चिप उचलतानाच बीड्स एका कोपऱ्यात गोळा होतात.

तिसरा आजार पाण्याचा. सगळे बीड्स, चालणारे थांबलेले सगळे, एकाच बाजूला वाहतायत. इथे एक छोटी युक्ती फार कामाची आहे, सॅम्पलमध्ये थोडे साधे, मॅग्नेटिक नसलेले ३ मायक्रॉनचे पॉलिस्टायरीन बीड्स मिसळून ठेवा. ते हलले तर ते पाणी आहे, फील्ड नाही, वाद संपला. उघडा थेंब ठेवला असेल तर बाष्पीभवन, पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणि वर एसीचा झोत असेल तर थेंबाची कड बघता बघता आत येते आणि बीड्स कडेकडे ओढले जातात, शिवाय पाणी उडतं तसं मीठ घट्ट होत जातं आणि मघाचा चिकटण्याचा आजार पण सुरू होतो. 'पहिली दहा मिनिटं चांगलं, मग बंद' याचं हे सगळ्यात कॉमन कारण आहे. कव्हरस्लिप टाका, कडा नेलपॉलिशने किंवा व्हॅसलीनने बंद करा. पीडीएमएसमधूनही पाणी उडतं, दिवसभराचा प्रयोग असेल तर वर ओला टिश्यू ठेवून डबी झाका.

दुसरं पाण्याचं कारण म्हणजे उष्णता. वायर किती तापते ते अंदाजाने सांगू नका, मोजा, आणि त्यासाठी वेगळा थर्मामीटर लागत नाही, वायर स्वतःच थर्मामीटर आहे. १० मायक्रॉन रुंद, १ मायक्रॉन जाड, १ मिलिमीटर लांब सोन्याच्या वायरचा रेझिस्टन्स अडीच ओहमच्या आसपास असतो. सोन्याचा रेझिस्टन्स अंशाला साधारण ०.३४ टक्के वाढतो, म्हणजे फोर-वायर जोडणीने थंड असताना आणि पूर्ण करंटवर असताना मोजला आणि १० टक्के वाढ दिसली तर वायर तीसेक अंशांनी तापलीय. पेशी असतील तर एवढ्यात त्या गेल्या. साध्या मल्टिमीटरच्या दोन वायरींनी मोजू नका, प्रोबचा रेझिस्टन्सच त्यात मिसळतो. काचेवर चिप असेल तर सिलिकॉनवर या, सिलिकॉन काचेच्या शंभरपट उष्णता वाहून नेतो. आणि १०० मिलिअँप या वायरसाठी चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअर होतात, त्याच्यावर जाऊन तास न् तास चालवलं की इलेक्ट्रोमायग्रेशनने (करंटच्या रेट्याने धातूचे अणू सरकत गेल्याने) वायर एखाद्या अरुंद जागी तुटते. रेझिस्टन्स थंड असतानाही रोज थोडा थोडा वाढताना दिसला तर ती वायर जायच्या मार्गावर आहे, नवी चिप तयार ठेवा.

वायरच्या कडेने बारीक बुडबुडे येतायत? मग उकळलंय असं समजू नका, बहुतेक वेळा पॅसिव्हेशनला भोक असतं आणि पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस चालू असतं. त्याला दीड-दोन व्होल्ट पुरतात, आणि लांब वायरवर तेवढा व्होल्टेज सहज असतो. भोकं बहुतेक त्याच कानांपाशी असतात जे मघाशी सांगितले, ३०० नॅनोमीटरचा ऑक्साइड त्यांना झाकू शकत नाही. चिपवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा, त्यात प्लॅटिनमची वायर बुडवा, ती आणि चिपची वायर यात २ व्होल्ट द्या आणि करंट मोजा. चांगल्या चिपवर नॅनोअँपमध्येही जेमतेम दिसतो, मायक्रोअँप दिसला तर बीड्स घालायच्या आधीच ती चिप बाजूला काढा. मी आता प्रत्येक चिपवर हे करते, दोन मिनिटं लागतात.

राहिलं चिप परत वापरायचं. चिकटलेले बीड्स काढायला लगेच ऑक्सिजन प्लाझ्मा करू नका, पॉलिमर जळून जातो पण आतला आयर्न ऑक्साइड तपकिरी डागासारखा तिथेच बसतो, आणि तो काढायला ॲसिड लागतं जे पर्मलॉयला पण खातं. आधी २ टक्के डिटर्जंटच्या पाण्यात कोमट अल्ट्रासोनिक, मग भरपूर डीआय, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मायक्रोस्कोपखाली बघून बीड खरंच गेले याची खात्री, आणि मगच प्लाझ्मा. धुतल्यावर वायरचा रेझिस्टन्स परत मोजून आधीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि चिपच्या डबीवर तारीख, शेवटचा बफर आणि फुल्यांचा तो नकाशा चिकटवून ठेवा, पुढचा माणूस तीच चिप उचलतो तेव्हा त्याला एवढंच लागतं.